बांध नसलेलं आभाळ

आरमोरी, ३ सप्टेंबर १९८९

गुलाब,

जयभीम. 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण पेन अडलं. हे पत्र तुझ्या हाती कधी पडेल ते मला ठाऊक आहे. वर्षाच्या शेवटी जहाज निघेल, तुमच्या ऑफिसात साठलेली टपालाची पिशवी त्यात चढेल आणि पुढल्या साली कधीतरी दक्षिण ध्रुवाकडच्या त्या बर्फावर उभा राहून तू हे फोडशील. तोवर इथलं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहिते, कारण सकाळपासून नुसती आत-बाहेर करते आहे. माय म्हणाली, एका जागी बस, सारवलेलं उखडशील.

मुद्द्याचं आधी सांगते. मला खुशालशी लग्न करायचं आहे.

हो, तोच खुशाल. तुझा बालवाडीपासूनचा दोस्त, सूरजागडच्या डोंगरावर लोखंडाचा दगड शोधणाऱ्या कॅम्पात ड्रिलिंगचं मशीन चालवतो तो. गेल्या वर्षी मे महिन्यात बाबांच्या चितेला तुझ्या जागी अग्नी दिला, तोच. तू आसामातल्या पलटणीतून पोचलास तेव्हा राख गार झाली होती. अंगणात सगळ्यांदेखत तू त्याला म्हणालास, "माह्या बापाचा तू कोन?" मग घरचं पाणीही न पिता परत गेलास. ध्रुवावर निघाल्याचं आम्हाला पोस्टकार्डावरून कळलं. माणसं रुसून फार तर नागपूरला जातात रे. तू पृथ्वीच्या बुडाशी जाऊन बसलास.

मायची अट ऐक. ती म्हणते, गुलाब हो म्हणाला तर माझी ना नाही. पण कागदावर नको, त्याच्या तोंडून पाहिजे. मी तुझी मोठी बहीण, शाळेत विज्ञान शिकवते, नववीची पोरं मला टरकून असतात, आणि माझ्या लग्नाला होकार तुझा. मी चिडले, दोन दिवस मायशी बोलले नाही. तिच्यावर काडीचा परिणाम झाला नाही.

खुशालला घाई आहे, म्हणजे त्याला नाही, दिवसांना आहे. त्याचा कॅम्प उठतोय, डिसेंबरात त्याला ओरिसात हजर व्हायचं आहे. त्याची आई अंजनाबाई म्हणते, जाशील तर लग्न करूनच जा. तिनं पोंभुर्ण्याची एक मुलगी पाहूनही ठेवली आहे. मला त्याचं काही वाटत नाही.

तुझी,
बाई

आरमोरी, १३ ऑक्टोबर १९८९

गुलाब,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी होती. मला पुष्कळ वाटतं. पोंभुर्ण्याची ती मुलगी चोवीसची आहे आणि भरतकाम करते.

तुझ्याशी फोन जोडून द्या म्हणून तुमच्या ऑफिसला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. शुक्रवारी, वीस तारखेला, दुपारी इथल्या पोस्टात फोन येईल. तिकडचा रेडिओ इकडच्या टेलिफोनला मध्येच कुठंतरी जोडून देतात म्हणे. मिळणार मोजकी मिनिटं. पोस्टमास्तर गुणवंतरावांना आतापासूनच घाम फुटला आहे. पत्रात एक सूचना ठळक लिहिली आहे: एका वेळी एकानंच बोलायचं, आपलं झालं की 'ओव्हर' म्हणायचं, ते ऐकल्यावर मधला माणूस बटण फिरवतो, मगच दुसऱ्याला बोलता येतं. 'ओव्हर' म्हटलं नाही तर पलीकडचा नुसता ऐकत राहणार.

मायला हे शिकवलं कोणी, सांग. खुशालनं. कॅम्पात वायरलेस आहे, त्याला सवय आहे. ओसरीवर बसून दोघं बोलायचे. तो तू व्हायचा. "माय, मी गुलाब बोलून राह्यलो, ओव्हर." आणि माय त्याला खरंच विचारायची, जेवलास का, थंडी आहे का, ओव्हर. मी आतून ऐकत होते. हा माणूस तुझ्या नावानं मायला उत्तरं देत होता आणि त्याच्या आवाजात कुठं खोट नव्हती. आता माय घरभर 'ओव्हर' म्हणत फिरते. भात वाढ, ओव्हर. कोंबडी हाकल, ओव्हर. शेजारची गिरजाबाई विचारते, तुमच्या घरी इंग्रजी काऊन सुरू झालं?

एक गोष्ट मात्र ठसठसते. तिथला रेडिओ चालवणारा तूच आहेस. बाकीच्यांच्या बायकापोरांचे फोन वर्षभर तूच जोडून दिलेस. आमचा एकदाही नाही. मायनं तुला ते कधी विचारलं नाही, विचारणारही नाही. मी विचारते.

बाई

आरमोरी, २० ऑक्टोबर १९८९

फोन आला नाही.

मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं, जयंतीला नेसते ते. पोस्टाच्या बाकावर ती दुपारपासून पाठ ताठ ठेवून बसली. गुणवंतरावांनी दोनदा मुंबईकडे विचारलं. शेवटी त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगून टाकलं: "तिकडून कोनी बोलून नाई राह्यलं, बाई."

माय उठली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "नाई बोलत म्हनते. बरं." आणि लुगडं बदलून बांधीवर, धानाच्या शेतात, गेली. उशिरा पिकणाऱ्या जड धानाला शेवटचं पाणी द्यायचं चाललंय, तलावाच्या पाण्याची पाळी आज आपलीच होती, ती सोडून आली होती बिचारी. तिला वाटतंय तू रिसीव्हर हातात घेऊन मान फिरवलीस. मलाही तेच वाटतंय. खुशाल बाहेर सायकल धरून उभा होता, आत आलाच नाही, त्याला काय वाटतं ते तो सांगत नाही.

तुला माझं लग्न होऊ द्यायचं नसेल तर तसं सांग. ओरडून सांग. असं मुक्यानं मारू नकोस.

आरमोरी, २४ ऑक्टोबर १९८९

गुलाब,

मागचं पत्र फाडणार होते. राहू दे, तुला कळू दे काय झालं ते.

तुमच्या ऑफिसची तार आली. सूर्यावर मोठा स्फोट झाला आहे, ध्रुवाकडचा रेडिओ बंद पडला आहे, सगळी माणसं सुखरूप आहेत. काल आकाशवाणीवरही बातमी होती. मी तार वाचून खाली बसले. मग उठून शाळेच्या कपाटातली सगळी पुस्तकं काढली, आणि संध्याकाळपर्यंत मला उमगलं की तू त्या दिवशी बोलला असतास तरी आवाज आला नसता. एकोणीसला सूर्य फुटला आणि आमचा फोन वीसचा. आमचं नशीब बघ, भांडायलाही आडवा कोण यावा तर सूर्य.

मायला समजावणं भाग होतं. ती बांधीवर होती, मी तिकडेच गेले. खुशालनं सूरजागडहून आणलेला काळा दगड आणि जुन्या रेडिओच्या स्पीकरमागचं चुंबक बरोबर नेलं. दगडाचा चुरा कागदावर पसरला, खाली चुंबक धरलं. चुऱ्याच्या रेघा उठल्या. मधल्या भागात आडव्या कमानी, आणि दोन्ही टोकांना सरळ उभ्या. मी म्हटलं, माय, पृथ्वी म्हणजे असं एक मोठं चुंबक आहे. सूर्य फुटतो तेव्हा हायड्रोजनचे अगदी बारीक कण सुसाट वेगानं निघतात. त्यांच्यात वीज भरलेली असते, म्हणून त्यांना या रेघा ओलांडता येत नाहीत. रेघेभोवती गिरक्या घेत रेघेच्या कडेकडेनंच त्यांना सरकावं लागतं. आपल्या डोक्यावर या रेघा आडव्या आहेत, एकावर एक. म्हणून आपल्याकडे यायला निघालेले बहुतेक कण तिथूनच परत फिरतात.

मायनं कुदळ टेकवली. म्हणाली, म्हणजे बांध.

मी म्हटलं, हो, बांध. पाणी बांध ओलांडत नाही, कडेनं वाहत जातं आणि जिथं बांध फुटका असेल तिथं आत शिरतं, तसंच. ध्रुवाकडे या रेघा उभ्या होऊन थेट जमिनीत उतरतात, आणि त्यांची वरची टोकं दूर अवकाशात मोकळी असतात. त्या टोकाशी आलेला कण घसरत खाली येतो, त्याला अडवणारं काही नसतं. गुलाबचा तळ अगदी टोकाला नाही, काठाला आहे, एरवी कदाचित वाचतो. पण वादळ मोठं असलं की पृथ्वीचे बांधच खचतात आणि काठावरची बांधीही भरते.

हे ऐकून तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा पार उतरला होता. "म्हनजे आपल्या डोक्यावर बांध हाये," ती म्हणाली, "अन् त्या पोराच्या डोक्यावर नाई."

मी घाईनं सांगितलं, त्याला काही होत नाही. खाली येता येता हवा त्या कणांना थांबवते, फार उंचावरच थांबवते, माणसापर्यंत पोचू देत नाही. फक्त तिथली हवा अशी काही होऊन बसते की रेडिओची लाट वर गेली की परत फिरत नाही, तिथंच जिरते. सूर्य शांत झाला की काही दिवसांनी सगळं पहिल्यासारखं होतं. तेवढ्यापुरता आवाज गिळला जातो, बाकी काही नाही.

"आवाजच तं पायजे व्हता मले," माय म्हणाली, आणि वाकून बांधाला माती लावायला लागली.

तेव्हापासून ती तुझ्यावर रागावलेली नाही. आकाशाकडे बघते, मला विचारते सूर्य निवला का. लग्नाचं कोणी काढत नाही. अंजनाबाई मात्र काल पोंभुर्ण्याला जाऊन आली.

बाई

आरमोरी, २ नोव्हेंबर १९८९

गुलाब,

आज मी तुझ्यावर रागावले आहे आणि या वेळी सूर्य मध्ये नाही.

शाळेच्या कामानं नागपूरला गेले होते. तुमच्या तळावरच्या स्वयंपाक्याची बायको, सोमारी, तिथं राहते. तिचा पत्ता ऑफिसच्या पत्रात होता. म्हटलं भेटावं, दोघी मिळून काळजी करू. ती हसतच दारात आली. गेल्या शनिवारी तिचं नवऱ्याशी बोलणं झालं होतं. आवाज स्वच्छ होता म्हणाली, आणि फोन जोडून देणाऱ्या गुलाबभाऊंनी तिला आपणहून नमस्कारही केला.

आणि आमच्याकडे तुमच्या ऑफिसचं पत्र पडलं आहे: आरमोरीच्या फोनसाठी अजून परिस्थिती अनुकूल नाही, असं तळावरच्या ऑपरेटरचं म्हणणं आहे. तळावरचा ऑपरेटर कोण, तर तू.

वा. सूर्यानं तुला बरी सबब दिली. आम्ही इकडे चुंबक आणि चुरा घेऊन तुझी वकिली करतोय, माय तुझ्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसलीय, आणि तू निवलेल्या सूर्याच्या आड लपून बसला आहेस. भितोस कशाला? नाही म्हणायला जीभ रेटत नाही, की हो म्हणायला?

परतीच्या एसटीत मी ठरवलं होतं की मायला सांगायचं नाही. घरात पाऊल टाकलं आणि सांगून टाकलं. मला गप्प बसता येत नाही, ते काम या घरात तुझ्याकडे आहे. खुशालही तिथंच बसला होता. तो इतकंच म्हणाला, रंभा, त्याले नोको रागावू, बाबाच्या चितेपाशी त्याची जागा गेली ना. मग मी त्याच्यावरच ओरडले. म्हटलं, इथली तुझीही जाईल, तू जा पोंभुर्ण्याला. तो उठून गेला.

मायनं सगळं ऐकलं. वाटलं होतं मोडून पडेल. तिनं विचारलं, म्हणजे आता आभाळ मोकळं आहे? मी म्हटलं, मोकळं आहे. बरं म्हणाली आणि चूल पेटवली.

बाई

आरमोरी, ५ नोव्हेंबर १९८९

गुलाब, तुला कळलं असेलच.

कापणी तोंडावर आली असताना माय पोस्टात जाऊन बसली आहे. पोस्ट उघडतं तेव्हा भाकर फडक्यात बांधून जाते, बंद होतं तेव्हा येते. आज रविवार, पोस्ट बंद, तर पायरीवर बसली. गुणवंतराव हात जोडून म्हणाले, बाई, असा फोन येत नसतो. ती म्हणाली, "येईन. तुमी फकत तिकडं सांगा, माय बसली हाये मनून." त्यांना तिची दया आली की भीती वाटली देव जाणे, त्यांनी तशी तार तुमच्या ऑफिसला ठोकली. गावातले लोक मुद्दाम एक-एक पोस्टकार्ड घ्यायला येतात आणि तिला बघून जातात. गिरजाबाईनं तिची कापणारी माणसं आपल्या बांधीत घातली.

मी शाळेतून थेट तिथं जाते, शेजारी बसते. तिला म्हटलं, माझ्या लग्नासाठी एवढं नको करूस, मी करीन किंवा राहीन. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही खुळ्यासारखं बोलले.

खुशाल त्या दिवसापासून घरी आलेला नाही.

आरमोरी, ९ नोव्हेंबर १९८९

गुलाब,

तुझी बाजू तुला ठाऊक आहे. इकडे काय झालं ते लिहून ठेवते.

फोन वाजला तेव्हा माय डब्यातली भाकर खात होती. हात न धुताच तिनं रिसीव्हर घेतला. गुणवंतरावांनी फोनला स्पीकरचं भोंगं जोडलं होतं म्हणून मलाही ऐकू येत होतं. आधी नुसती खरखर, मग तू. आवाज बदलला आहे तुझा, जाड झाला आहे.

तब्येत बरी आहे का, ओव्हर. बरी आहे, ओव्हर. जेवतोस का, ओव्हर. जेवतो, ओव्हर. ऊन लागतं का तुला, ओव्हर. यावर तू हसल्यासारखा वाटलास. म्हणालास, इथी कायचं ऊन, माय, बर्फ हाये, ओव्हर. एकही चूक नाही तिची. खुशाल मास्तर पक्का आहे.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता आयक. तुह्या बापाले अग्नी खुशालनं आपल्या मनानं नाई देल्ला. म्या द्याले लावला. तो नाई नाई म्हने, गुलाबची वाट पाहू म्हने. मे महिना व्हता. मानसाले किती ठेवाव? राग करतं तं माह्यावर कर. अन् रंभाचं लगन मी त्याच्यासंग करून राह्यली. तुले इचारून नाई राह्यली, सांगून राह्यली."

आणि ती थांबली. 'ओव्हर' म्हणालीच नाही.

गुणवंतराव कुजबुजले, बाई, ओव्हर म्हणा. तिनं मान हलवली. मला वाटलं विसरली, मी तिच्या खांद्याला हात लावला, तर तिनं तो झटकला. दोन्ही हातांनी रिसीव्हर धरून ती उभी होती आणि भोंग्यातून नुसती खरखर येत होती. तू तिकडे रेडिओशी बसलेला, बोलता येत नाही, उठता येत नाही, फक्त ऐकायचं. मोजकी मिनिटं मिळालेली, आणि ती ती अशी सांडत होती. मग माझ्या ध्यानात आलं की तुझा होकार तिला कधी नकोच होता. तुला त्या खुर्चीत आणून बसवायचं होतं, म्हणून तिनं माझं लग्न तुझ्या तोंडाला बांधून ठेवलं होतं. तू नाही म्हणशील ही तिला भीती होती. ते तिला ऐकायचं नव्हतं, आणि तुला ते म्हणूही द्यायचं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती हळूच म्हणाली, "ओव्हर."

मग म्हणालास, "खुशाल हाये का तिथी? ओव्हर."

तो होता. माय बसली त्या दिवसापासून रोज पोस्टासमोरच्या झाडाखाली सायकल लावून उभा राहत होता म्हणे, मला दिसणार नाही अशा बेतानं. गुणवंतरावांनीच जाऊन त्याला ओढून आणलं. त्यानं रिसीव्हर कानाला लावला आणि नेमकी तेव्हाच भोंग्यात इतकी खरखर वाढली की मला तुझा शब्द कळेना. खुशाल डोळे मिटून ऐकत होता. मग तो म्हणाला, "हो. कोरडी व्हती. येनाची व्हती, मीच पाह्यली. एका काडीत पेटली. ओव्हर."

त्यानंतर लाइन तुटली.

वाटेत मी विचारलं, येनाच्या झाडाचं काय कोरडं होतं? तो सायकल ढकलत चालत होता. फाटकाशी येऊन थांबला. मग म्हणाला, "त्यानं इचारलं, बाबाची लाकडं कोरडी व्हती का."

माय पुढे चालली होती. तिनं ऐकलं, पण मागं वळून पाहिलं नाही. घरात गेली, हातपाय धुतले, बाबांच्या फोटोपाशी मेणबत्ती लावली आणि विळा घेऊन बांधीकडे गेली. मी फाटकाशी उभी राहून रडले, आणि खुशाल सायकलची घंटी उगाच चोळत राहिला.

लग्न तीस तारखेला. निवडणुकीची ड्यूटी आटोपली की लगेच. अंजनाबाईनं पोंभुर्ण्याला निरोप पाठवला आहे आणि आता माझ्या हातचं वरण फिकं होतं म्हणून सांगत फिरते. डिसेंबरात मी रजा घेऊन ओरिसात जाईन. माय इथंच राहणार म्हणते, गुलाब येईल तेव्हा घर उघडं पाहिजे.

ही सगळी पत्रं एकत्र बांधून पाठवते आहे, वीस तारखेचंही. वाचून झाल्यावर मला एक गोष्ट सांगू नकोस. या वीस दिवसांत तू जेवढा गप्प होतास, त्यातली चुप्पी सूर्याची किती आणि तुझी किती, ते. मायनं सगळी सूर्याच्या नावावर टाकली आहे. गावात ती तसंच सांगते, आणि कोणी शंका काढलीच तर कागद, चुंबक आणि दगडाचा चुरा घेऊन बसते.

तुझी,
बाई

ता.क. पाकिटात त्या दगडाचा एक तुकडा घातला आहे. खुशालनं दिला आहे, तुझ्यासाठी.